खाली ओळखणारे यंत्र

शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांकडे हिशेबाच्या खात्यावर होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा हा सात अध्यायांचा ग्रंथ आपला मानतात. छत्रपती संभाजीनगरातून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधरा-एक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला दिसतो. पर्यटक तिथला खंदक आणि अंधारी वाट पाहून परततात. गाणे, वाजवणे आणि नाचणे मिळून संगीत होते, हा विचार ज्या ग्रंथाने देशभर रुजवला, तो याच राजधानीत लिहिला गेला, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

त्या ग्रंथाच्या तालाध्यायात हाताच्या आठ क्रिया दिल्या आहेत. ध्रुव, शम्या, ताल आणि संनिपात या चार सशब्द: चुटकी, उजव्या हाताचा आघात, डाव्या हाताचा आघात आणि दोन्ही हातांची टाळी. आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेशक या चार निःशब्द. उताणा हात बोटे मिटत आत घ्यायचा. पालथा हात बोटे पसरत न्यायचा. उताणा हात उजवीकडे टाकायचा. पालथा हात बोटे मिटून परत आणायचा. ही विद्या शार्ङ्गदेवाच्या कितीतरी आधीची, भरताच्या नाट्यशास्त्रात आलेली. त्याने ती नीट लावून दिली. आठांपैकी निम्म्या क्रियांतून आवाज निघत नाही, आणि तरीही त्या गाण्याला आधार देतात. हात हलला म्हणजे नाद झालाच पाहिजे, असे आपल्या संगीताने कधीच धरले नाही.

या प्रस्तावनेचा विषय आहे हाताच्या आणि अंगाच्या हालचालींनी वाजणारी संगीतयंत्रे, तीही सर्वसामान्य माणसासाठी केलेली. ज्याने कधी सा लावून पाहिला नाही, ज्याच्या घरात पेटी नाही, जो बागेत, शाळेत किंवा संग्रहालयात पाच मिनिटे थांबणार आहे, तो या यंत्राचा वादक. यंत्र तीन कामे करते. हालचाल पाहते, त्या हालचालीचा कोणता नाद करायचा ते ठरवते, आणि नाद ऐकवते. पाहण्याची आणि ऐकवण्याची कामे अभियंत्यांनी शंभर वर्षांत पुष्कळ सोपी करून ठेवली. मधले, ठरवण्याचे काम संगीताचे आहे आणि बहुतेक यंत्रे तिथेच फसतात. अमुक हालचालीला अमुक नाद, हे कोणाच्या हाताकडे पाहून ठरले? माझे म्हणणे एवढेच आहे की महाराष्ट्रात ते इथल्या गाणाऱ्यांच्या, ऐकणाऱ्यांच्या आणि टाळकऱ्यांच्या हाताकडे पाहून ठरले पाहिजे.

सुरुवात रशियात झाली. लेव तेरमेन या तरुण पदार्थवैज्ञानिकाने १९२०च्या सुमारास हात न लावता वाजणारे वाद्य बनवले. लोक त्याला थेरेमिन म्हणू लागले. पेटीला दोन अँटेना: उभी सुरासाठी, वळणदार आडवी आवाज लहानमोठा करण्यासाठी. माणसाचे शरीरही विजेचा थोडा भार धरते, म्हणून हात अँटेनाजवळ नेला किंवा दूर केला की आतल्या मंडलाची कंपनसंख्या बदलते; दुसऱ्या एका स्थिर कंपनसंख्येशी तिचा जो फरक पडतो, तो आपल्या कानाला सूर म्हणून ऐकू येतो. तेरमेनने १९२२मध्ये ते लेनिनला वाजवून दाखवले, १९२८मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले, आणि १९२९मध्ये आरसीए कंपनीने ते घराघरांत विकायला काढले. ज्याला गुणगुणता येते त्याला हे वाजवता येईल, असा तिच्या जाहिरातीचा रोख होता. सुमारे पाचशे नग झाले आणि उत्पादन थांबले. मंदी आड आली हे खरे, पण वाद्यही जाहिरातीप्रमाणे वागले नाही. हवेत पडदे नसतात. सारंगीलाही पडदे नाहीत, पण तिथे तार निदान नखाला लागते आणि हाताला आपण कुठे आहोत ते कळते. थेरेमिनवर बोट केसभर हलले की सूर घसरतो. क्लारा रॉकमोर ते अप्रतिम वाजवायची, कारण ती आधी व्हायोलिनची पट्टीची वादक होती. सर्वांसाठी म्हणून बाजारात आणलेले वाद्य शेवटी मोजक्या निष्णात लोकांचे झाले.

पुढची पायरी कॅमेऱ्याची. कॅनडाचा कलावंत डेव्हिड रोकबी याने १९८०च्या दशकात ‘व्हेरी नर्व्हस सिस्टम’ उभे केले आणि १९८६मध्ये ते व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडले. रिकाम्या जागेत माणूस चालला, वळला, खांदा उडवला, की कॅमेरा ते टिपे आणि संगणक त्याचे संगीत करी. २०१०च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट आले. ते न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांनी खोली मोजायचे आणि त्यातून माणसाचा सांगाडा ओळखायचे. ते खेळासाठी होते, पण जगभरच्या संगीतकारांनी आणि विद्यार्थ्यांनी ते ताबडतोब वाद्यांना जोडले. २०१७मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले, आणि त्याने फारसे अडले नाही. गूगलने २०१९मध्ये सर्वांना खुली केलेली मीडियापाइप ही प्रणाली साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून एका हाताचे एकवीस बिंदू ओळखते: मनगट, बोटांची पेरे, टोके. म्हणजे पूर्वी ज्यासाठी खास यंत्र मागवावे लागे, ते आता कॉलेजच्या मुलाच्या फोनवर चालते. पैशांची आणि यंत्रसामग्रीची अडचण बरीचशी संपली आहे. म्हणून तर हाताला काय अर्थ द्यायचा, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

त्याआधी एक अडथळा समजून घ्यायला हवा, कारण त्याच्यावर पुष्कळ काही ठरते. तो उशिराचा आहे. साधा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. चित्रातून हात ओळखायला वेळ लागतो, नाद तयार करायला लागतो, आणि बिनतारी स्पीकर जोडला असेल तर आणखी लागतो. मिळून सेकंदाचा दहावा भाग सहज होतो. हा उशीर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण द्रुत तीनतालात मिनिटाला ३०० मात्रा पडत असतील तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते, आणि आपला उशीर अर्ध्या मात्रेचा झाला. तबलजीला तबल्यापासून ३४ मीटर दूर उभे करून वाजवायला सांगण्यासारखे आहे हे, कारण ध्वनीला तेवढे अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो. हवेत बोटे आपटून तबला वाजवण्याची जी यंत्रे प्रदर्शनांत दिसतात, ती बहुधा याच कारणाने खेळण्याच्या पलीकडे जात नाहीत. हाताने आघात केला त्या क्षणी नाद हवा असतो.

आलापाचे तसे नाही. विलंबित ख्यालात एक मात्रा चार-चार सेकंद चालते. तिथे सेकंदाचा दहावा भाग म्हणजे मात्रेचा चाळिसावा हिस्सा. मींड तर एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश जाण्याचीच क्रिया आहे. तिला सुरुवातीचा नेमका क्षण नसतो, वाट असते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. पाश्चात्त्य पियानोच्या कळांवर बेतलेले हवाई वाद्य कॅमेऱ्याच्या दुबळेपणावर बोट ठेवते, तर तानपुऱ्याच्या आधारावर संथ चालणारा आलाप कॅमेऱ्याला जे जमते नेमके तेच मागतो. आपल्याकडे या यंत्रांनी सुरुवात आलापापासून करावी. बहुतेक ठिकाणी ती ढोलकीपासून होते.

आता हात वर नेला की सूर चढतो, खाली आणला की उतरतो, ही जवळजवळ प्रत्येक यंत्राची पहिली कल्पना. नवख्याचा सूर बेसूर होऊ नये म्हणून अनेकजण पाचच स्वर देतात: सा, रे, ग, प, ध. हवेत पाच मजले केले, कुठेही हात ठेवा, कानाला बरेच वाटणार. पण हे पाच स्वर भूपाचे, तसेच देशकाराचेही. भूप गंधारावर विसावतो आणि पूर्वांगात खेळतो. देशकार धैवतावर जोर देतो आणि उत्तरांगात राहतो. तेच स्वर, चाल निराळी, आणि ऐकणाऱ्याला दुसराच राग भेटतो. पाच मजल्यांच्या यंत्राला हा फरक कळत नाही, कारण त्याला हात कुठे आहे एवढेच दिसते. तो तिथे कसा आला, कुठे थांबला, कुठून परत फिरला, हे ते पाहत नाही. आणि ज्यात काही चुकूच शकत नाही, असे वाद्य तिसऱ्या दिवशी कंटाळवाणे होते. मुलांना ते आधी कळते. चुकायला जागा आणि ती चूक कानाला ऐकू येईल एवढा आधार, दोन्ही द्यायला हवेत.

गाणाऱ्यांचे हात काय करतात, ते महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले आहे. १९५३मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींची तान त्यांच्या खांद्यांतून, पंजांतून, संपूर्ण बैठकीतून उसळताना ज्यांनी पाहिली, त्यांना डोळे मिटल्यावरही ते हात दिसतात. ग्वाल्हेर गायकी शिकलेला अमेरिकन अभ्यासक मॅथ्यू राहाइम याने ख्यालगायकांच्या हातांचा अभ्यास करून २०१२मध्ये ‘म्युझिकिंग बॉडीज’ हे पुस्तक लिहिले. गायकाचा हात स्वरांची उंची मोजत नाही, तो सुरावटीचा आकार हवेत घडवतो. तो ताणतो, वळवतो, उचलून ठेवतो. आणि गाण्याबरोबर ही हाताची ढबही शिष्याकडे गुरूकडून येते, असे त्याला दिसले. हे त्याने ग्रंथात आणले, पण आपल्याकडच्या रसिकांना अमक्याचा शिष्य हातावरून ओळखता येतोच. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांचे सहकारी, इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या मार्टिन क्लेटन यांच्यासोबत, गायकांच्या चित्रीकरणातून मनगटांची हालचाल संगणकाने मोजून ती रागाशी आणि स्वरांच्या वाटचालीशी ताडून पाहत आले आहेत. सामान्यांसाठी यंत्र करणाऱ्याने या कामाचा धागा पकडावा. हाताचा वेग, वळण, ताण आणि थांबा हे चार घटक धरले, तर हात वर की खाली यापेक्षा पुष्कळ जास्त गाणे यंत्राच्या हाती लागेल.

गाणारे मूठभर असतात, ऐकणारे सगळे. मैफलीत बसलेल्या माणसाचा हात मांडीवर चाललेला असतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला टाकायचा, ती खाली. खाली चुकलेला श्रोता समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दाद देताना अडखळतो, हे शेजारी बसलेल्याला लगेच कळते. शाळेत न शिकवता, फक्त बसून बसून ही भाषा हजारो लोकांच्या हातात उतरली आहे. कॅमेऱ्याच्या यंत्रासाठी खाली म्हणजे मोठी देणगी आहे, कारण ती दिसते आणि वाजत नाही. ती पाहून यंत्राला कळू शकते की माणूस आवर्तनात नेमका कुठे आहे, सम अजून किती दूर आहे. तबल्याचा ठेका आधीच चालू असेल आणि श्रोत्याच्या टाळी-खालीवरून यंत्र फक्त लय जराशी चढवत किंवा उतरवत असेल, तर उशिराचा अडथळाही गळून पडतो: पुढची मात्रा कधी येणार ते यंत्राला आधीच ठाऊक असते.

हातवाऱ्याने चालणाऱ्या सामुदायिक संगीताचा सर्वांत मोठा नमुना मात्र मैफलीत नाही, वारीत आहे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत मुक्कामाच्या जागी समाजआरती होते. शेकडो दिंड्यांचे टाळ-मृदंग घुमत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि तो सगळा गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापर्यंत जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्यानंतर आरती पुढे जाते. माणूस आणि संगीत यांच्यातला संवाद यापेक्षा नेटका कोणी बांधल्याचे मला ठाऊक नाही. एक खूण सर्वांना दिसेल अशी. तिचा अर्थ सर्वांना पाठ. तिच्यात नाद थांबवण्याचे सामर्थ्य. आणि उलट बाजूने नकार देण्याचीही सोय, तीही नादातूनच. यंत्रे करणाऱ्यांनी या चार गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. बहुतेक यंत्रांत पहिलीदेखील नसते: माणूस समोर उभा राहून हात हलवत राहतो आणि आपण केले म्हणून आवाज आला की यंत्राने आपणहून केला, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही.

परदेशी सार्वजनिक प्रयोगांतले दोन मला मनापासून आवडतात. स्टॉकहोमच्या ओडेनप्लान स्थानकाच्या जिन्याला २००९मध्ये पियानोच्या कळा केल्या होत्या. पाऊल पडेल तो सूर. लोक सरकता जिना सोडून त्यावरून चढू-उतरू लागले, अगदी थोड्या दिवसांचा खेळ होता, पण गाजला. माँट्रियलमध्ये २०११ला एकवीस झोपाळे टांगले. एकेक झोपाळा आपले सूर देतो, पण शेजारचे लोक एकाच झोक्यात आले तरच पुढची सुरावट उघडते. जिन्यापेक्षा झोपाळ्यांची कल्पना मला कितीतरी सरस वाटते. जिन्यावर प्रत्येकजण एकटाच वाजवतो. झोपाळ्यांवर अनोळखी माणसांना एकमेकांची लय धरावी लागते. दिंडीत पावली खेळणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक काम इथे सांगितलेच पाहिजे. अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांच्या पुढाकाराने ज्यांच्या शरीराच्या हालचाली फार मर्यादित आहेत अशा मुलांसाठी औमी नावाची मोफत संगणकप्रणाली तयार झाली. मूल फक्त मान हलवू शकत असेल तर कॅमेरा नाकाच्या टोकाचा मागोवा घेतो आणि तेवढ्या हालचालीवर वाद्य वाजते. सर्वसामान्यांसाठी यंत्र म्हणताना सामान्य कोण, हे या कामाने ठरवून दिले आहे असे मी मानतो. हात उचलू न शकणाऱ्या मुलाला मींड घेता आली पाहिजे. ते जमत असेल तर इतरांना जमेलच.

छत्रपती संभाजीनगरात हे सगळे एकत्र यायला जागा आहे. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यांतल्या सातव्या लेण्याच्या गर्भगृहात मधे नर्तिका आणि दोन्ही बाजूंना वादक स्त्रिया कोरल्या आहेत. सहाव्या शतकातले हे काम. बासरी, झांजा, तालवाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रियांचे लक्ष नर्तिकेकडे लागलेले वाटते, आणि तिचे अंग त्यांच्या लयीत वळलेले. वेरूळ-अजिंठ्याच्या घाईत फार थोडे लोक तिथवर चढतात. एमजीएम संस्थेच्या आवारात पार्वती दत्ता यांचे महागामी गुरुकुल नव्वदच्या दशकापासून कथक आणि ओडिसी शिकवत आहे, आणि शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोहही भरवते. कथकमधली पढंत म्हणजे तोंडाने बोल आणि हाताने टाळी-खाली, एकाच वेळी. पायात शंभरावर घुंगरे बांधून त्यांतले एखाद-दुसरेच वाजेल इतक्या हलक्या पावलाची तयारी त्यांच्याकडे असते, आणि घुंगराला उशीर लागत नाही. संगणक शिकवणारी महाविद्यालये याच शहरात आहेत. वारकऱ्यांच्या दिंड्या पैठणच्या वाटेवर दरवर्षी भेटतात.

करायचे ते अवघड नाही. शाळेच्या एका खोलीत संगणक, साधा कॅमेरा, तारेने जोडलेला स्पीकर, तानपुऱ्याचा अखंड षड्ज आणि समोर तीन-चार मुले. हाताचे चित्र साठवायचे नाही. त्यातून बिंदू काढून चित्र तिथल्या तिथे टाकून द्यायचे. मुलांचे चेहरे कुठल्याही दूरच्या संगणकावर जाता कामा नयेत. देशात २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण तो नसता तरी हे पाळावेच लागले असते. हाताच्या खुणा आधी गाणाऱ्यांकडून, नाचणाऱ्यांकडून, टाळकऱ्यांकडून गोळा कराव्यात, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने, मग त्यांना नाद द्यावेत. उलट क्रमाने गेलो तर आयते नाद मिळतील आणि हात त्यांच्या मागे फरफटतील. आणि पहिल्या दिवसापासून खोलीत एक तबलजी हवा. यंत्र किती मागे पडते आहे, हे मोजपट्टी लावण्याआधी तो सांगेल, आणि त्याचे समाधान होईपर्यंत ते यंत्र लोकांसमोर नेऊ नये.